‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या नावात स्वराज्य उरले आहे का?

मूळ मत :
ज्या ध्येयासाठी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे आपल्या सोलापूरचे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढले, त्या ध्येयाचे नाव आपण आज घरपट्टी वसूल करणाऱ्या कार्यालयाला सर्रास लावतो, हे मला खटकते. २०२२ पासून काही वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. तरीही कागदोपत्री ती ‘स्वराज्य संस्था’च राहिली. तिला ‘स्थानिक प्रशासन’ म्हणावे.

प्रतिसाद :
आपली चीड रास्त आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला, तेव्हाही ती संस्था दिवाबत्ती आणि झाडलोटच पाहत होती. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले आणि लष्करी कायदा लागू होऊन गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले. हे नाव तुम्ही काढून घेतले, तर प्रशासक राजवटीला जाब कोणत्या मापाने विचारायचा?

मूळ लेखकाचे उत्तर :
ध्वज फडकवणाऱ्यांचे धैर्य मला शिरोधार्य आहे. परंतु त्यांनी जी सत्ता झुगारली, त्या ब्रिटिश सत्तेच्याच व्हाइसरॉय रिपनसाहेबाच्या १८८२च्या ठरावाने या संस्थांना चालना दिली होती. त्या ठरावात रस्ते आणि दवाखाने होते, सार्वभौमत्व नव्हते.

आणखी एक प्रतिसाद :
स्वराज्याचा अर्थ कधीच एकसाची नव्हता. १९२८च्या नेहरू अहवालात ब्रिटिश साम्राज्यातच राहून वसाहतीच्या दर्जाची मागणी होती आणि अनेकांना तेही स्वराज्यच वाटत होते, म्हणून तर १९२९ साली काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनात ‘पूर्ण’ हे विशेषण मुद्दाम जोडावे लागले. अपुऱ्या स्वराज्यालाही त्या पिढीने स्वराज्य म्हटले आणि उरलेले मागत राहिली. आपणही तेच करावे.

मूळ लेखकाचे उत्तर :
ही मांडणी मला विचार करायला लावणारी आहे, तरी एका अटीवर मी ठाम आहे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन ७४व्या घटनादुरुस्तीने घातले आहे. ते मोडले जाईल, तितक्या काळापुरते महापालिकेच्या प्रत्येक पावतीवर ‘प्रशासक राजवट’ असे ठळक छापावे. स्वराज्य हा शब्द तिथे नको.