मासे खाऊनही काटा हलेना

प्रेषक: एक सभासद

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं या ई-मेल यादीवर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही दोघांनी पाच महिन्यांपूर्वी चिकन-मटण सोडलं. आता मासे, अंडी, दूध-दही, कडधान्यं आणि भाज्या, एवढंच. पहिल्या दोन महिन्यांत माझं तीन किलो उतरलं. मग काटा जो अडकला तो अडकलाच. त्यात घरातली कुरबुर वेगळीच: "आज परत तोच मासा?" खरंय त्यांचं. मला माशाचे दोनच प्रकार जमतात आणि तेच आलटून पालटून होतात.

कुणाकडे आठवड्याचा बेत आहे का, ज्यात कंटाळा येणार नाही आणि वजनही उतरेल? जितके जास्त प्रकार तितकं बरं.

प्रेषक: काका

वहिनी, मासा तळल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही, त्यामुळे माझा सल्ला घेऊ नका. पण एक शंका. मासा हलका असतो असं आयुष्यभर ऐकत आलोय. मग माझं पोट कशाचं?

प्रेषक: यादी सांभाळणारा

काका, तुम्ही जोडलेला ताटाचा फोटो ११ एमबीचा होता, म्हणून अडवला. बाकी चर्चा चालू द्या.

प्रेषक: ताई

वहिनी, आहारतज्ज्ञ म्हणून काम करते म्हणून विचारते. बेत मागाहून बघू. आधी गेल्या तीन दिवसांत काय काय पोटात गेलं ते लिहा. मला बरं वाटेल असं नको, झालं तसं लिहा. तेल, चीज, येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, सगळं.

प्रेषक: एक सभासद

लिहिते, हसू नका. सोमवारी सॅल्मन, दोघांत मिळून चारशे ग्रॅमचा तुकडा, तव्यावर. तेल मोजत नाही, पण माणशी दोन मोठे चमचे तरी होत असेल. मंगळवारी मासा नव्हता, म्हणून पास्ता आणि वर भरपूर चीज. बुधवारी डब्यातला ट्यूना, तेलातला, मेयॉनेज घालून ब्रेडमध्ये. संध्याकाळी भूक लागली की बदाम. बदाम चांगले असतात ना?

प्रेषक: ताई

बदाम चांगलेच. पण ३० ग्रॅम बदाम म्हणजे साधारण १७० कॅलरी, आणि मूठ भरताना ३० ग्रॅमवर कुणी थांबत नाही.

आता सोमवारचं ताट बघा. मत्स्यशेतीत वाढवलेल्या सॅल्मनच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ २०८ कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या वाटणीच्या तुकड्यात चारशेच्या वर. दोन मोठे चमचे तेल म्हणजे आणखी २४०. भात-भाजी ताटात यायच्या आधीच साडेसहाशे! त्याच वजनाचा कॉड (कमी चरबीचा पांढरा मासा) घेतला तर २०० ग्रॅमचे १६५ सुद्धा होत नाहीत, आणि प्रथिनं जवळजवळ तेवढीच मिळतात. काका, तुमच्या पोटाचं उत्तरही यातच आहे. मासा हलका की जड हे कोणता मासा आणि कशात शिजला यावर ठरतं. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रथिनाच्या एका ग्रॅमला ४. तळणीत मासा तेल पितो, आणि वरचं आवरण त्याहून जास्त पितं.

म्हणून सॅल्मन सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. ओमेगा-३ त्याच माशांत भरपूर असतं: सॅल्मन, सार्डिन, मॅकरेल, ट्राउट. बऱ्याच देशांची आरोग्य खाती आठवड्यातून दोनदा मासे खा आणि त्यातला एक चरबीदार असू द्या म्हणतात, ते याचसाठी. फक्त त्या दिवशी तेल चमच्याने मोजा. या माशाला स्वतःची चरबी असते, तो कोरड्या तव्यावरही भाजला जातो.

मासे खाणारे आपोआप सडपातळ होतात असंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथातल्या साठ हजारांवर लोकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व प्रकारचं मांस खाणाऱ्यांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप, २५ च्या वर म्हणजे जास्त वजन) २८.८ निघाला, मासे आणि शाकाहारवाल्यांचा २६.३, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारींचा २५.७. फरक आहे, पण २६.३ म्हणजे अजून २५ च्या वरच. आणि तो मासळीमुळेच पडला असंही त्यातून सिद्ध होत नाही. मांस सोडल्यावर रिकाम्या जागी काय आलं ते बघायला हवं. तुमच्या मंगळवारी तिथे चीज आलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच होतं.

आता "जितके जास्त प्रकार तितकं बरं" याबद्दल. इथे थोडी वाकड्यात शिरते. प्रकार हवेत, पण कुठे, हे महत्त्वाचं. आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सँडविच खायला दिले, काहींना एकाच सारणाचे तर काहींना चार वेगवेगळ्या सारणांचे. चार प्रकार मिळालेल्यांनी साधारण एक तृतीयांश जास्त खाल्लं. एका चवीचा कंटाळा आला की आपण थांबतो. पुढ्यात नवी चव आली की भूक परत जागी होते. पोट भरल्यावरही गोडाला जागा होते ती यामुळेच.

म्हणून एका जेवणात एकच मासा, एकच भात किंवा ब्रेड किंवा बटाटा. मासळीच्या तीन-चार पदार्थांची मेजवानी वजन उतरवायच्या आठवड्यात नको. बदल करायचा तो एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे जाताना. याला सूट फक्त भाज्यांना. त्या एका ताटात तीन असल्या तरी बिघडत नाही, उलट भाजी जास्त जाते आणि तेच आपल्याला हवंय.

प्रेषक: काका

पटलं. लग्नाच्या पंगतीत मी का हरतो ते आज कळलं. पण ताई, तुम्ही बटाटा म्हणालात? मला तर डॉक्टरांनी बटाटा बंद केलाय!

प्रेषक: ताई

काका, डॉक्टरांनी साखरेसाठी बंद केला असेल तर त्यांचंच ऐका, माझं नाही. इतरांसाठी सांगते. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांच्या गटाने ३८ पदार्थांचा भूकभागवणीचा क्रम लावला. प्रत्येक पदार्थाचा वाढप २४० कॅलरींचा, आणि पुढे दोन तास लोकांना पोट किती भरल्यासारखं वाटतं त्याची नोंद. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर क्रॉसाँला फक्त ४७ मिळाले. पहिला आला उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. आणि दुसरा कोण? मासा, २२५! गोमांसाला १७६. खाणारे थोडेच होते, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण उकडलेला बटाटा, वाफवलेला पांढरा मासा आणि वर लिंबू, हे ताट भूक मारायला फार चांगलं आहे एवढं खरं. बटाटा तळला की गोष्ट वेगळी.

वहिनी, तुमचा आठवडा. तक्ता देत नाही, तक्ते फ्रिजवर लागतात आणि तिथेच राहतात. दोन दिवस चरबीदार मासा, माणशी सव्वाशे ग्रॅम पुरे. दोन दिवस पांढरा मासा किंवा कोळंबी, तिथे दोनशे ग्रॅमपर्यंत हात सैल सोडा. उरलेले तीन दिवस मासा नाही, आणि तुमची घसरण याच तीन दिवसांत होते. त्या दिवशी मसूर, राजमा, चणे, नाहीतर अंडी. माशात तंतू (फायबर) अजिबात नसतात, ते कडधान्यं आणि भाज्यांतूनच यायला हवेत. लोहही माशात बेताचंच असतं. पण डाळ आणि मासा एकाच जेवणात आले तर डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं, लिंबू पिळलं तर आणखी. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो.

कंटाळ्यासाठी मासा बदलण्याआधी शिजवण्याची रीत बदलून बघा. कॉडचा तोच तुकडा एकदा टोमॅटोच्या आंबट रश्श्यात सोडा, एकदा आलं-कांद्याची पात घालून वाफवा, एकदा चिरलेल्या भाज्यांसकट कागदाच्या पुडीत बांधून ओव्हनमध्ये ठेवा, एकदा मोहरी आणि दही चोपडून भाजा. चार दिवस चार जेवणं, तेल जेमतेम चमचाभर. अडीच सेंटीमीटर जाडीला साधारण दहा मिनिटं लागतात. माशाच्या मांसात चिवट धागे कमी असतात, म्हणून तो पटकन शिजतो आणि पटकन बिघडतोही. पाकळ्या सुटायला लागल्या की गॅस बंद. "मला मासे करता येत नाहीत" म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांनी तो फक्त जास्त शिजवलेला असतो.

प्रेषक: दादा

मी एकटा राहतो, आठ वाजता घरी येतो, रोज ताजा मासा आणणं मला शक्यच नाही. माझा सगळा कारभार फ्रीझर आणि डब्यांवर. गोठवलेल्या माशात काही कमी होतं, हे आधी मनातून काढा. सकाळी फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवतो, रात्रीपर्यंत सुटतो. हवाबंद पाकीट असेल तर आधी फोडून मग सुटायला ठेवायचं, नाहीतर हवा नसलेल्या जागी घातक जंतू वाढू शकतात. ट्यूना, मॅकरेल, सार्डिन हे बाहेर उबेत राहिले की त्यांत हिस्टामाइन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल, डोकं ठणकतंय, पुरळ. एकदा भोगलंय.

ट्यूना पाण्यातला घ्या वहिनी, तेलातल्याच्या साधारण निम्म्या कॅलरी. पण रोज ट्यूना नको, त्यात पारा असतो ना? ताई?

प्रेषक: ताई

असतो. मोठा मासा लहानाला खातो, लहान त्याहून लहानाला, आणि पारा वर वर साठत जातो. म्हणून शार्क, स्वॉर्डफिश, किंग मॅकरेल (साध्या मॅकरेलहून वेगळा, मोठा मासा) यांच्यापासून लांबच राहा, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर नक्कीच. आल्बकोर ट्यूनात साध्या डबाबंद "लाइट" ट्यूनापेक्षा जवळजवळ तिप्पट पारा असतो. सार्डिन, सॅल्मन, कोळंबी, शिंपले यांत फार कमी. इथे प्रकार बदलत राहण्याचा खरा फायदा आहे: एकाच माशातलं काही वाईट असेल तर ते अंगात साठत राहत नाही.

प्रेषक: एक सभासद

तीन आठवड्यांनी लिहितेय. एक किलो शंभर ग्रॅम. पहिल्या आठवड्यात तर दोनशे ग्रॅम वाढलंच होतं, मी रडकुंडीला आले होते. मग ताई, तुम्ही फोनवर सांगितलंत की मिठामुळे अंगात धरलेल्या पाण्यानेही किलोभर इकडेतिकडे होतं, तेव्हा रोजचं वजन करणं सोडून आठवड्याची सरासरी बघायला लागले. तेलाच्या बाटलीशेजारी चमचा बांधून ठेवलाय. मंगळवारचं चीज गेलं, राजमा आला. कागदाची पुडी घरात भलतीच चालली, आता तर पुडी कोण उघडणार यावरून भांडणं होतात. शिंपले मात्र सपशेल फसले, दोघांनाही नाही आवडले.

एकच शंका. डब्यातल्या सार्डिनचे काटे काढायचे की नाही? एकेक वेचत बसले तर अर्धा तास जातो.

प्रेषक: ताई

काढू नका. डब्यात बंद करून शिजवताना ते इतके मऊ होतात की दाताखाली चुरा होतो. कॅल्शियम त्या काट्यांतच असतं, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. ताज्या माशाचे काटे मात्र काढा.

प्रेषक: काका

म्हणजे काटा शेवटी हलला, आणि पोटातही गेला. वहिनी, त्या पुडीची कृती सविस्तर पाठवा. फोटो नको, तो अडवतात.