क्लोई किमने सोडलेला सीझन

‘ऐन भरात सीझन सोडला म्हणजे करिअरवर पाणी’ हे मत अमेरिकन स्नोबोर्डर क्लोई किमच्या बाबतीत तरी पटत नाही. २०१८ ला सतराव्या वर्षी हाफपाइपचं (बर्फातल्या अर्ध्या नळीसारख्या उतारावर स्नोबोर्डवरून उड्या मारायचा प्रकार) ऑलिम्पिक सुवर्ण, मार्च २०१९ मध्ये घोटा मोडला, मग २०१९-२० चा अख्खा सीझन बाजूला ठेवून ती प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेली. जानेवारी २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लाक्सच्या स्पर्धेत उतरली ती जिंकूनच परतली. २०२२ ला बीजिंगमध्ये पुन्हा सुवर्ण.

शिवाय थांबणं तिला नवं नव्हतं. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकसाठी लागणारे गुण तिच्याकडे होते, पण वय तेरा, म्हणून प्रवेशच नाही. तिच्यासाठी वडिलांनी इंजिनिअरची नोकरी सोडलेली. ती सक्तीची चार वर्षं त्यांनाच जास्त जड गेली असावीत.