ड्रॅगनवाल्या 'एरागॉन'बद्दल तुमचं काय मत? (अनुभव धागा)

मनवा
भाचा सुट्टीला आलाय, यंदा आठवीत जाईल. मोबाईल सुटेना म्हणून कपाटातलं 'एरागॉन' काढून हातात दिलं. परवा जेवताना म्हणतो, "मावशी, हे तर स्टार वॉर्स आहे. शेतावरचा पोरगा, मामा मरतो, म्हातारा गुरू तलवार देतो, राजकन्येला सोडवायचं. फक्त यानाऐवजी ड्रॅगन." ताईने पोळी वाढता वाढता लेकाकडे असं कौतुकाने बघितलं की विचारू नका. मी गप्प. कारण नेमकं हेच मला कॉलेजात एका मैत्रिणीने ऐकवलं होतं, आणि तिच्याशी मी बरेच दिवस धड बोलले नव्हते.

मला त्या पुस्तकातलं आजही काय आठवतं सांगू? नायक एरागॉनचं सफिरावरचं, म्हणजे त्याच्या ड्रॅगनवरचं पहिलं उड्डाण. खोगीर नाही, काही नाही, ती त्याला उचलून डोंगरात घेऊन जाते. खवल्यांनी त्याच्या मांड्या आतून सोलवटून निघतात, पँट रक्ताने चिकटते, उतरल्यावर पाय टाकता येत नाही. ड्रॅगनवर बसणं भारी असतं हे कुणीही लिहील. ते दुखतं, हे या लिहिणाऱ्या पोराला सुचलं. मी तेव्हा नववीत होते, तिथेच विकली गेले.

तर लिहा. कुणाला आवडलं, कुणी अर्ध्यात सोडलं, कुठे सोडलं? स्पॉयलर चालतील, पुस्तक येऊन वीसेक वर्षं झाली.

रात्रपाळी
पहिले दोन भाग आवडले. तिसऱ्यात झोप. ड्युटीवर आहे, सविस्तर नंतर.

उंडगा
मामा मेल्याशिवाय हिरो घराबाहेर पडत नाही हा नियमच आहे. माझे मामा इथे नेहमी वाचायला असतात. मामा, तुम्ही उदंड जगा, मी घरीच बरा आहे.

खारीबटर
अहो पण लिहिणाऱ्याचं वय बघा की. क्रिस्टोफर पाओलिनी, सुरुवात केली तेव्हा पंधराचा. मोंटानातल्या पॅराडाइज व्हॅलीत राहणारा, घरीच शिकलेला, त्या वयात शालेय शिक्षण उरकलेलं, हाताशी वेळच वेळ. 2002 मध्ये आईवडिलांनीच पुस्तक छापलं. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा त्यानेच काढलेला, आतला नकाशाही त्याचाच. मग लाल सदरा, काळी टोपी, नाडीचे बूट असा जुन्या काळातला वेष करून शाळा नि लायब्ऱ्या हिंडत स्वतः विकलं. कार्ल हायसन या लेखकाच्या सावत्र मुलाने ते तिकडे सुट्टीवर असताना घेतलं, त्याला आवडलं, हायसनने आपल्या प्रकाशकांच्या कानावर घातलं आणि 2003 मध्ये क्नॉफ या प्रकाशनाने नव्याने काढलं. माझ्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांना स्वतःचा डबा बेसिनमध्ये ठेवायचं सुचत नाही.

शेवटचं_पान
लेखक लहान होता ही वाचकाची जबाबदारी नाही. पुस्तकाचे पैसे मी मोठ्या माणसाचेच दिले.

एल्फ (जादू येणारे जंगलातले लोक) आणि बुटके 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचे. अंड्यातून निघताच ड्रॅगन आणि स्वाराची मनं कायमची जोडली जाणं हे अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या गोष्टींतल्या पर्न ग्रहावर 1967 पासून चालू आहे. कथानक कुठलं ते भाचरू बोललंच. मग उरलं काय? वर्णनं. प्रत्येक सूर्योदयाला तीन विशेषणं. दुसऱ्या भागात एल्फांच्या जंगलात पोचल्यावर तर एरागॉनला बसवून मुंग्या काय करतात ते ऐकायला लावतात, पानंच्या पानं. मी तिथे पुस्तक मिटलं.

उंडगा
मुंग्यांवर अन्याय सहन केला जाणार नाही.

पाटपाणी
त्या मुंग्यांनीच आमचं घर डोक्यावर घेतलं होतं. आम्ही कोल्हापूरचे. दादा तेव्हा अकरावीत, दुसरा भाग वाचत होता. त्यात सगळ्या जिवांची मनं आतून जाणवायला लागल्यावर एरागॉन मांस सोडतो ना, एल्फ तर मुळातच शाकाहारी. तर रविवारी पाटावर बसलेला आमचा दादा म्हणाला, "मला नको मटण." आईला आधी वाटलं ताप आलाय. मग वाटलं कुणी माळकरी भेटला. मग मी चुगली केली की पुस्तकात आहे. आईने पुस्तक उचललं आणि तांदळाच्या डब्यामागं घातलं. आजी वेगळंच म्हणाली, राहूदे गं, पोरगं चांगल्या वाटेला लागलंय, रामाचं पुस्तक असंल.

दिवाळीपर्यंत टिकला. मग आत्याकडे पांढऱ्या रश्श्याचा वास आला आणि संपलं सगळं. मी स्वतः एक पान वाचलेलं नाही.

चिंगी
पाटपाणी, पांढरा रस्सा तुम्ही खसखस घालून करता की नुसतं काजू-नारळ? माझा दर वेळी फुटतो.

पाटपाणी
खसखस, तीळ, काजू सगळं. नारळाचं दूध शेवटी, आणि मग उकळी आणायची न्हाई. तुमच्या पानावर निरोप (विपु) लिहिते.

मनवा
रामाचं पुस्तक!! मेले हसून. पण चिंगी, धाग्याचा विषय...

चिंगी
हो हो. मी पिक्चर पाहिला, मला आवडला. मारू नका.

धडपड्या
मारणार. 2006 चा तो पिक्चर टीव्हीवर लागला की मी आजही रिमोट शोधतो. पुस्तकात सफिरा महिनोन्महिने वाढते. एरागॉन जंगलात झाडावर तिच्यासाठी निवारा करतो, घरच्यांपासून लपवतो, गावातल्या म्हाताऱ्या ब्रॉमला (तोच पुढे गुरू) गोडीगुलाबीने विचारून ड्रॅगनांची नावं काढून घेतो. सगळा जीव तिथे आहे. पिक्चरमध्ये पिल्लू आकाशात झेपावतं, जरा गडगडाट होतो, खाली येतं ते थेट पूर्ण वाढलेलं, वर बाईच्या आवाजात बोलायला लागतं. पंखांना पिसं लावलीत ती वेगळीच. जेरेमी आयर्न्सचा ब्रॉम तेवढा चांगला, बाकी आनंद. पुढचे भाग निघालेच नाहीत ते बरं झालं.

चिंगी
रेचल वाइझचा आवाज आहे तो, बाईच्या आवाजात काय म्हणताय. मादी ड्रॅगन आहे ना ती?

धडपड्या
आवाजाला नाही हो म्हणत. घाईला म्हणतोय.

नांदेडकर
माझं थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंजिनियरिंगला मुंबईत आलो, होस्टेलवरची पोरं फाडफाड इंग्रजी बोलायची, जाड जाड कादंबऱ्या उशाशी. मीही फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून एक घेतली, निळा ड्रॅगन बघून. पायरेटेड होती हे नंतर कळलं, तेव्हा वाटलं पुस्तकं अशीच असतात, थोडी तिरकी छापलेली.

त्याआधी दोन इंग्रजी कादंबऱ्या हातात घेऊन सोडल्या होत्या, कोण कुणाचा कोण हेच कळायचं नाही. ही कळली. का कळली, तर शेवटचं पान साहेब म्हणतात त्याच कारणाने. गोष्ट ओळखीची होती. आईबाप नसलेला पोरगा, गावातल्या खाटकाकडे मांस घ्यायला जातो, पैसे नाहीत म्हणून सापडलेला निळा दगड पुढे करतो, खाटीक हाकलून देतो, लोहार मध्ये पडून पैसे भरतो. हे मला डिक्शनरीशिवाय समजलं, अशी दुकानं आणि अशी माणसं आमच्याकडेही होती. पुढे काय होणार याचा अंदाज येत होता म्हणून न कळलेले शब्द सोडून पुढे जाता आलं. तुम्ही आधी शंभर पुस्तकं वाचली होती म्हणून तुम्हाला ते उष्टं लागलं. माझं ते पहिलंच ताट होतं.

आता गंमत. शेवटच्या लढाईत काही पानं दोनदा छापलेली आणि पुढची गायब. डुर्झा हा दुष्ट जादूगार एरागॉनच्या पाठीवर वार करतो, आणि एकदम शब्दसूची. मी बरीच वर्षं समजत होतो की ब्रॉम मेलेला नसतो, ऐन वेळी येऊन डुर्झाला मारतो. होस्टेलवर दोघातिघांना तसं सांगितलंही. पुढे खरी प्रत मिळाली तेव्हा कळलं की आर्या (ती एल्फ राजकन्या) आणि सफिरा वरचा तो प्रचंड नीलमणी फोडून खाली येतात, डुर्झाचं लक्ष वर जातं आणि एरागॉन त्याच्या काळजात तलवार घालतो. माझं मत अजूनही हेच आहे की माझा शेवट बरा होता.

मनवा
नांदेडकर, किती छान लिहिलंत. भाच्याला वाचून दाखवणार.

उंडगा
ज्या दोघातिघांना सांगितलं ते आजही ब्रॉमची वाट बघत असतील.

शेवटचं_पान
नांदेडकर, तुमचा मुद्दा पटला. म्हणजे पहिल्या भागापुरता. पण ओळखीची गोष्ट वाचकाला आत घेते, हे मान्य केलं तरी आत घेतल्यावर घरात काहीतरी नवीन असायला हवं की नाही?

रात्रपाळी
ब्रेकवर आले. आहे की नवीन. तिथली जादू फुकट नाही. एखादी गोष्ट हाताने करायला जेवढी ताकद लागेल तेवढीच ती मंत्राने करतानाही अंगातून जाते. झेपेल त्याहून मोठा मंत्र म्हटला तर म्हणणारा मरतो. म्हणून जखमी माणूस बरा केला की एरागॉनच पिवळा पडून बसतो. मी वॉर्डात काम करते, मला हे फार म्हणजे फार पटलं. जादूगार हात फिरवतो आणि सगळे बरे, असलं वाचवत नाही मला. नंतर त्याला एक पट्टा मिळतो, बारा हिऱ्यांचा, आधीपासून ताकद साठवून ठेवायला. पहाटे चारला आमच्याकडे सगळ्यांना तो पट्टा हवा असतो.

आणि रोरन, एरागॉनचा मामेभाऊ! रोरनला कुणीच कसं आठवलं नाही? जादू नाही, ड्रॅगन नाही, हातात हातोडा. अख्खं गाव उठवून डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत नेतो आणि जहाज चोरतो. दुसरा भाग मी त्याच्यासाठी वाचला, एरागॉनची प्रकरणं चाळत.

धडपड्या
रोरन +१०००

निवृत्त_फोरमन
नमस्कार. नातवामुळे चारही भाग वाचून काढले. वय सत्तरीच्या पुढे, वेळ भरपूर.

तिसऱ्या भागात झोप येते असं वर ताईंनी लिहिले आहे. त्याच भागात तलवार घडवण्याचे प्रकरण आहे ते कृपया पुन्हा वाचावे. माझी उभी नोकरी फोर्जिंग शॉपमध्ये गेली. एल्फांच्या लोहारणीने शस्त्र न घडवण्याची शपथ घेतलेली असते, म्हणून ती एरागॉनच्या शरीराचा ताबा घेऊन त्याच्या हातून काम करवते. धातू उल्केतला. आधी खनिज वितळवणे, मग निघालेल्या गोळ्याचे तुकडे करून निवडणे, कडक धातू धारेला, मऊ मधल्या कण्याला. हे बरोबर आहे. धारेबरोबर आतूनही सगळेच कडक केले तर पाते तडकते. पोराने कुठेतरी बसून नीट अभ्यास केला आहे. बाकी प्रेमप्रकरण वगैरे मी सोडून दिले.

दुष्ट राजाबद्दल मात्र तक्रार आहे. गॅल्बटोरिक्स चौथ्या भागापर्यंत समोर येतच नाही, सगळे नुसते त्याला घाबरतात. आमच्या एका वरिष्ठ साहेबांची आठवण झाली. केबिनचे दार कधी उघडे पाहिले नाही, मेमो मात्र येत.

रात्रपाळी
काका, तुमच्यासाठी ते प्रकरण परत वाचेन. नक्की.

एडिसनची_काकू
आमच्याकडे 8 नोव्हेंबर 2011, चौथा भाग. रात्री बाराला पुस्तकाच्या दुकानात मिळणार म्हणून लेकीने अंगाला निळा रंग फासला आणि मला थंडीत रांगेत उभं केलं. माझ्या पुढे एक बाप डुलक्या घेत होता, त्याच्या खांद्यावर कापडी शेपूट. दोन दिवसांनी लेक खोलीतून रडत बाहेर आली. एरागॉन उरलेली अंडी घेऊन जहाजाने कायमचा निघून जातो, आर्या राणी होऊन मागे राहते, लग्नबिग्न काही नाही. "आई, इतकी पानं वाचून हे?" मी म्हटलं, अगं तिला राज्य आहे, स्वतःचा हिरवा ड्रॅगन आहे, त्याच्यामागे कुठे जाईल ती. अशी चिडली माझ्यावर.

आता तीच लेक सिएटलला, नवरा डॅलसला, दोघांच्या नोकऱ्या. मागच्या आठवड्यात फोनवर हाच विषय निघाला तर म्हणे आर्याचं बरोबर होतं.

खारीबटर
काकू, मला शेवट आवडला, पण राजाचं मरण नाही पटलं. एवढी तयारी, एवढी सैन्यं, आणि त्याला फक्त आजवर दिलेलं दुःख जाणवून देतात की तो स्वतःच स्वतःला उडवतो. लढाई हवी होती राव.

मनवा
मला ते उलट फार आवडलं! ताकदीत त्याला कुणी हरवूच शकत नव्हतं, मग दुसरं काय करणार? आणि पहिल्या भागापासून मनात शिरणं, दुसऱ्याचं जाणवणं, हेच तर चाललंय. त्या मुंग्या उगाच नव्हत्या.

शेवटचं_पान
मुंग्या उगाचच होत्या. पण शेवटाबद्दल सहमत. चारही भागांत तो एकच निर्णय उसना वाटत नाही.

चिंगी
विपु मिळाली पाटपाणी, धन्यवाद. रविवारी करून बघते.

धडपड्या
ठाण्यात कुणाकडे 'मुर्ताघ' आहे का? 2023 मध्ये आलं ते, लाल ड्रॅगनवाल्याचं. विकत घ्यायच्या आधी चाळायचंय.

शेवटचं_पान
आहे. नौपाडा. रविवारी सकाळी अकराच्या आत या.

उंडगा
तुमच्याकडे??? तुम्ही दुसऱ्या भागात सोडलं होतं ना?

शेवटचं_पान
सोडलं होतं. मग धरलं. शिव्या घालायच्या तर वाचायला नको? धडपड्या, येताना पिशवी आणा, जाड आहे. आणि पानं दुमडायची नाहीत.