सोलापूरचा १९३० चा मार्शल लॉ (लष्करी अंमल) सविनय कायदेभंगात धरायचा का?

बाळीवेस: धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन या चौघांवर भित्तिपत्रक करतोय. मथळा ‘सविनय कायदेभंगातले हुतात्मे’. पण चौक्या आणि कोर्ट जाळलं, ते सविनय कसं? आणि मीठ उचलायला आपल्याकडं समुद्र नाही, मग मोडला तो कायदा कुठला?

कडकभाकरी: मथळा बदला. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली ती पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून.
तारखा सुट्या केल्या की गुंता सुटतो. ५ मेला गांधीजींना अटक. ८ मेला गोळीबार, शंकर शिवदारे गेले, मग जाळपोळ. हा उद्रेक. १२ मेला मार्शल लॉ आला आणि गांधी टोपी, तिरंगा हेच गुन्हे झाले. तिथून पुढं टोपी घालून भर रस्त्यात फिरायचं, पकडायला आले तर पळायचं नाही, हा अस्सल कायदेभंग. मोडायचा कायदा सरकारनंच आयता आणून दिला की!

विळाकोयता: ‘सविनय’ म्हणजे नुसतं नम्र नव्हे. आधी कळवायचं: व्हाइसरॉयला पत्र २ मार्चला, दांडीकडं कूच १२ मार्चला. वाट उघड, बेत उघड. पुढं अटक पत्करायची, गुन्हा नाकारायचा नाही. लपूनछपून केलं तर सरकार त्याला साधी चोरी ठरवून मोकळं.
समुद्र नसलेल्यांसाठी जंगल सत्याग्रह होता. पुसदला १० जुलै १९३० ला बापूजी अण्यांनी राखीव रानातलं गवत कापलं. लागतो फक्त विळा. कायदा असाच निवडतात, म्हातारीलाही मोडता येईल आणि कुणाला इजा होणार नाही असा.

बाळीवेस: मग रूपाभवानीच्या देवळाकडची तोडलेली शिंदीची झाडं कुठल्या चौकटीत घालू?

कडकभाकरी: ८ मेच्या, पण अगदी वर. शिंदीच्या दारूवर सरकारला अबकारी, म्हणजे कर, मिळायची म्हणून कुऱ्हाड झाडावर. उघड तोडत होते तोवर सविनयच. घोटाळा पुढं झाला. काही जणांना पोलिसांनी धरलं, जमाव त्यांना सोडवायला गेला, आणि तिथंच घडी विस्कटली. धरलेल्यांना सोडवायचं कशाला? अटक करवून घेणं हाच तर कार्यक्रम!
आणि शिवदारेंचं नाव ठळक घ्या, चौघांच्या यादीमुळं ते कायम मागं पडतं.