कर्मिटचा कलाकार बदलला म्हणून चाहते इतके का दुखावले?

मुक्काम_एडिसन (प्रश्न)

मुलीच्या निमित्ताने सध्या आमच्या घरी ‘द मपेट शो’ या बाहुल्यांच्या मालिकेचे जुने भाग चालू आहेत. १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत चित्रित झालेली ही मालिका आजची मुलेही आवडीने पाहतात, याचे मला विशेष वाटत नाही. विशेष वाटते ते तिच्या चाहत्यांचे. कर्मिट या बेडकाविषयी थोडे अधिक वाचायला बसलो, तर २०१७ साली त्याचा कलाकार बदलल्यावरून झालेली भांडणे अजून मिटलेली नाहीत असे दिसले. चांगली जाणती, मुलाबाळांची माणसे ‘हा आमचा कर्मिट नव्हे’ असे तावातावाने लिहीत असतात. कार्टूनमधल्या पात्रांचे आवाज अधूनमधून बदलतात आणि त्याची फारशी कोणी दखल घेत नाही. मग एका कापडी बाहुलीवरून एवढा गहजब का व्हावा? शिवाय कर्मिटचे जनक जिम हेन्सन १९९० मध्येच गेले. म्हणजे २०१७ साली बाजूला झालेला कलाकार मूळचा नव्हताच. जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

पडद्याआडून

कार्टूनमध्ये चित्र काढणारा एक, त्याला हालचाल देणारा दुसरा आणि बोलणारा तिसरा असतो. मपेट्सच्या परंपरेत हालचाल आणि बोलणे ही दोन्ही कामे एकच माणूस त्याच क्षणी करतो, त्यामुळे तुमची तुलना इथे फार पुढे जात नाही. सेट जमिनीपासून उंच बांधलेला असतो. कलाकार खाली उभा राहतो, उजवा हात डोक्याच्या वर ताणून बाहुलीच्या डोक्यात घालतो आणि डाव्या हाताने तिच्या हाताला जोडलेली बारीक सळई फिरवतो. बहुतेक मपेट्स डावखुरे दिसतात ते यामुळेच. अंगठा हा खालचा जबडा आणि चार बोटे हा वरचा. नवशिक्या माणूस बोलताना चार बोटे वर उचलतो आणि बाहुलीची मान दर शब्दाला मागे पडते. मुरलेला कलाकार हात किंचित पुढे नेऊन फक्त अंगठा खाली सोडतो. हे सगळे तो समोरच्या मॉनिटरवर पाहत, संवाद म्हणत आणि प्रसंगी गात करत असतो.

त्यातही कर्मिट हे टोकाचे उदाहरण आहे, कारण त्याच्या डोक्यात कडक कवटीही नाही आणि यंत्रही नाही. तो वैतागून तोंड एका बाजूला चुरगाळतो तेव्हा आपल्याला दिसते ती आतली मूठ असते. हात बदलला की चेहरा थोडा तरी बदलणारच. १९५५ साली हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि डोळ्यांसाठी पिंगपाँगचा चेंडू कापून त्याला घडवले, तेव्हा तो बेडूकही नव्हता. ती पहिली बाहुली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. १६ मे १९९० रोजी हेन्सन वयाच्या ५३ व्या वर्षी अचानक गेले. न्यूयॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये झालेल्या स्मृतिसभेत बिग बर्ड, म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेतला भलामोठा पक्षी, एकटा उभा राहून कर्मिटचेच गाणे गायला आणि शेवटी त्याने कर्मिटचे आभार मानले. त्यानंतर कर्मिटची जबाबदारी १९७८ पासून मंडळीत असलेल्या स्टीव्ह विटमायर यांच्याकडे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दाखवलेल्या आदरांजलीच्या कार्यक्रमात कर्मिट अगदी शेवटी थोड्या वेळापुरता दिसला. तेव्हापासून २०१६ पर्यंत विटमायर यांनी तो सांभाळला. १९९० नंतर वाढलेल्या पिढीला ‘मूळ’ कर्मिट म्हणून ठाऊक होता तो हाच, त्यामुळे त्यांचे दुःख उसने नाही.

गिरगावचा_भाचा

वरची तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण हात आणि आवाज एकाच माणसाचा असल्याशिवाय बाहुलीत जीव येत नाही असे कोणी सुचवत असेल, तर मराठी प्रेक्षकाने त्याला इतक्या सहज होकार देऊ नये. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवावा. बाहुली रामदास पाध्ये यांची आणि आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. त्या विभागणीने तात्या विंचूचे काय बिघडले? त्याची नक्कल आजही गल्लोगल्ली होते.

आणि वारशाचे म्हणाल, तर अर्धवटराव हा बोलका बाहुला यशवंत पाध्ये यांच्याकडून मुलाकडे, म्हणजे रामदासांकडे आला. त्यावरून प्रेक्षकांत तट पडल्याचे कधी ऐकिवात नाही. अर्थात शब्दभ्रमात (ओठ न हलवता बाहुलीला बोलते करण्याच्या कलेत) कलाकार बाहुलीशेजारीच बसलेला असतो आणि आपण दोघांना मिळून टाळ्या देतो. मपेट्समध्ये तो जन्मभर चौकटीच्या खाली दडलेला राहतो आणि अशी काही बातमी आली की एकदम वर येतो. मला वाटते, धक्का बसतो तो तिथे.

स्पष्टवक्ती_ठाणे

दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, पण भांडणाचे खरे कारण अजून कोणी सांगितलेले नाही. कर्मिटची सूत्रे ज्यांच्याकडे गेली ते मॅट व्होगल हेच आज बिग बर्डही करतात. एकच माणूस बिग बर्ड म्हणून बिनबोभाट स्वीकारला जातो आणि कर्मिट म्हणून वर्षानुवर्षे शिव्या खातो, याचा अर्थ दोष त्याच्या हातात किंवा गळ्यात नाही.

बिग बर्डचे हस्तांतर कसे झाले ते पाहा. ‘सेसमी स्ट्रीट’ १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली तेव्हापासून कॅरल स्पिनी त्या आठ फुटांहून उंच पक्ष्याच्या आत असत. उजवा हात वर करून डोके पेलायचे, डावा हात पंखात घालायचा आणि बाहेरचे दृश्य छातीवर बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर पाहायचे, असे ते काम होते. व्होगल १९९० च्या दशकापासून त्यांचे पर्यायी कलाकार होते. २०१५ मध्ये तोल सांभाळणे जड जाऊ लागले तेव्हा स्पिनींनी अंगमेहनतीचे काम त्यांच्यावर सोपवले आणि आवाज मात्र २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत स्वतःच दिला. (गिरगावच्या भाच्यांना त्यांची विभागणी इथेही सापडेल.) प्रेक्षकांना सवय व्हायला वेळ मिळाला आणि गुरूने शिष्याला सर्वांसमोर आपले म्हटले.

कर्मिटच्या बाबतीत यातले काहीच घडले नाही. मपेट्सची मालकी २००४ पासून डिस्नेकडे आहे. विटमायर यांना २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये काढण्यात आले आणि चाहत्यांना ते कळले २०१७ च्या जुलैमध्ये. मग विटमायर यांनी आपली बाजू ब्लॉगवर मांडली, स्टुडिओने त्यांच्या व्यावसायिक वर्तनाकडे बोट दाखवले, ते त्यांनी नाकारले, आणि हेन्सन यांच्या मुलांपैकी काहींनीही विटमायर यांच्याविरुद्ध जाहीरपणे मत दिले. कोण किती खरे बोलत होते, हे बाहेरून ठरवण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. मात्र चाहत्यांसमोर नवा कर्मिट आला तो या चिखलातून चालत, आणि त्याला पसंत करणे म्हणजे एका पक्षात जाणे होऊन बसले. व्होगल यांनी २०१४ च्या ‘मपेट्स मोस्ट वॉन्टेड’मध्ये कर्मिटसारख्या दिसणाऱ्या खलनायकाचे, कॉन्स्टँटाइनचे, काम केले होते. तेवढ्यावरूनही लोकांनी टोमणे मारले, हे अगदीच पोरकट होते.

उलट उदाहरण मिस पिगी या मपेट्समधल्या डुकरिणीचे आहे. तिचे आधीचे कलाकार फ्रँक ऑझ दिग्दर्शनाकडे वळले, एरिक जेकबसन यांनी ती उचलली, आणि आरडाओरडा झाला नाही. त्यामुळे ‘चाहत्यांना बदलच नको असतो’ हा नेहमीचा आरोप मला पटत नाही. ‘टफ पिग्ज’सारख्या संकेतस्थळांवर किंवा ‘मपेट विकी’वर ही माणसे कोणत्या प्रसंगात कोणाचा हात आहे याची नोंद ठेवतात. इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांना निर्णय बंद दाराआड झालेला आवडत नाही, इतकेच.

मुक्काम_एडिसन

सर्वांचे आभार. एकाच माणसाकडे कर्मिट आणि बिग बर्ड दोघेही आहेत, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आता तिघांचा कर्मिट शेजारी ठेवून पाहायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

पडद्याआडून

हेन्सन यांच्यासाठी १९७९ च्या ‘द मपेट मूव्ही’ची सुरुवात पाहा. कर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून बँजो वाजवत गातो, आणि त्या वेळी हेन्सन खाली पाण्यात बुडवलेल्या धातूच्या टाकीत अंग चोरून बसले होते. विटमायर यांच्यासाठी १९९२ चा ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ घ्या. तिथे कर्मिटला धावपळ करणारा व्यवस्थापक न ठेवता गरीब कारकून आणि बाप केले आहे, त्यामुळे विटमायर यांना हेन्सन यांची नक्कल करत बसावे लागले नाही. व्होगल यांच्यासाठी २०१७ नंतरची कोणतीही मुलाखत चालेल. मोठ्या संवादांपेक्षा मुलाखतीत, समोरचा माणूस बोलत असताना कर्मिट गप्प राहून काय करतो ते पाहावे; तिघांच्या हातांतला फरक तिथे लवकर कळतो. मुलीला मात्र कोण कोणता ते आधी सांगू नका.