‘कळपाला कित्ते व्हा’ : इथे कित्ता म्हणजे नेमकं काय?

दापोलीकर :
गेल्या रविवारी अलिबागला एका मित्राच्या चर्चमध्ये गेलो होतो. त्यांच्या पाळकसाहेबांची बदली झाली, त्यांचा निरोप होता. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, “साहेब आमच्या कळपाला कित्ता होते,” आणि खाली बसले. बाकी काही बोलले नाहीत. माझ्या शेजारी बसलेला कॉलेजातला पोरगा मात्र फिसकन हसला. त्याला वाटलं आजोबांनी टोमणा मारला!
पोराचा दोष नाही. पेपरात ‘मुलानेही वडिलांचाच कित्ता गिरवला’ असं आलं की पुढे पक्षांतर तरी असतं नाहीतर अटक. चांगल्या अर्थी कित्ता शेवटचा कधी वाचला, आठवत नाही. शिवाय आपण कित्ता ‘गिरवतो’ किंवा ‘घालून देतो’. माणूस स्वतःच कित्ता ‘होतो’, हा प्रयोग कुठला?

अलिबागची सून :
दादा, तो बायबलातला प्रयोग आहे. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पहिलं पत्र, अध्याय ५. मंडळीच्या वडिलांना (म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांना) तो सांगतो की लोकांवर ‘धनीपण करणारे असे नव्हे, तर कळपाला कित्ते व्हा’. तरुण तीमथ्यालाही पौल लिहितो, ‘विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो’, आणि कशाकशात तेही सांगतो : भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास, शुद्धता. आमच्याकडे नव्या पाळकाची दीक्षा असली की ही वचनं हमखास वाचतात, त्यामुळे आमच्या कानाला त्यात टोमणा ऐकू येत नाही.

मोडीवाचक :
मूळ अरबी. ‘कितआ’ म्हणजे तुकडा, खंड. फारसी सुलेखनात उस्तादाने लिहिलेल्या नमुन्याच्या पानालाही तेच नाव. त्यातून आपल्याकडे वळणदार अक्षराचा नमुना हा अर्थ आला. मोडी कागदांत आणखी एक अर्थ सापडतो : वरच्यासारखंच, म्हणजे आज आपण दोन टिंबं देतो तसं. यादीत खालच्या ओळीला नुसतं ‘कि॥’ लिहून मोकळे.

दापोलीकर :
हे भारी आहे. पण मग ‘आदर्श व्हा’ का नाही म्हटलं? सरळ कळलं असतं.

मालवणचा मास्तर (निवृत्त) :
कारण आदर्श म्हणजे मुळात आरसा. आदर्शाकडे बघायचं असतं. आपल्याकडे आदर्श भिंतीवर टांगतात आणि पुण्यतिथीला हार घालतात. कित्त्याला हार घालून भागत नाही, त्याच्याखाली आपल्या हाताने ओळ काढावी लागते.
दुसरं असं, की कित्त्याची चूकही गिरवली जाते. आमच्या गावच्या शाळेत पहिलीला जे गुरुजी होते त्यांचा ‘झ’ बिघडलेला होता, शेपूट उलटीकडे जायची. फळ्यावर तोच कित्ता. आज साठी ओलांडलेली आमची अख्खी तुकडी तसाच ‘झ’ काढते, मीही. मी पुढे तीस वर्षं शिकवलं, तेव्हा किती पोरांना तो देऊन ठेवला असेन देव जाणे. धर्माचं काम करणाऱ्यांना पेत्राने हा शब्द लावला, तेव्हा त्यात मान आहे तशी धास्तीही आहे. पेपरवाले वापरतात तो अर्थ परका नाही, त्याच ओळीचा दुसरा परिणाम आहे.

अलिबागची सून :
काका, ‘झ’ वाचून हसले, पण मुद्दा पटला. सासरे पाळक होते, सेमिनरीत ग्रीक शिकलेले. ते सांगायचे की मराठीत जिथे जिथे कित्ता आहे तिथे मुळात एकच शब्द नाही. शिष्यांचे पाय धुतल्यावर येशू म्हणतो ‘मी तुम्हांला कित्ता घालून दिला आहे’, तिथे ‘हुपोदेग्मा’, करून दाखवलेला नमुना. पेत्राच्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने कित्ता घालून दिला असं आहे, तिथे ‘हुपोग्रामोस’, आणि तो तर शब्दशः शाळेतला कित्ता! मुलांनी गिरवावी म्हणून मास्तरांनी लिहून दिलेली अक्षरं. पुढाऱ्यांसाठी ‘कित्ते व्हा’ म्हटलंय तिथे मात्र ‘तुपोस’, म्हणजे ठोकून उमटलेला ठसा. येशू मेलेल्यांतून उठला हे ऐकून शिष्य थोमा म्हणतो ना, त्याच्या हातांतले खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, तो व्रणही ‘तुपोस’च. सासरे हे सांगताना इथे थांबायचे, पुढे काही बोलायचे नाहीत.

मोडीवाचक :
तुपोस ठसा असेल तर ‘साचा’ जास्त जवळचा नाही का? मोदकाचा असतो तसा.

मालवणचा मास्तर (निवृत्त) :
नको. साच्यात उकड दाबली की मोदक आपोआप होतो, उकडीला काही करावं लागत नाही. आणि सगळे एकसारखे. हाताने वळलेल्या मोदकाच्या पाकळ्या प्रत्येक घरात वेगळ्या. भाषांतरकारांनी कित्ता घेतला ते बरं केलं.

हर्णै बंदर :
तुमचं ग्रीक चालू द्या. मला ‘धनीपण’ आवडलं. आमच्याकडे बोटीचा धनी संध्याकाळी लिलावाला किनाऱ्यावर उभा असतो. दर्यात खलाश्यांबरोबर असतो तो तांडेल. वारा फिरला तर पहिला तोच उठतो, त्याला उठलेला बघून बाकीचे उठतात. आरडाओरडा करायची पाळी येत नाही. पेत्र पण मासेमारच ना? त्याला माहीत असणार.

वसईकर :
आम्हा कॅथलिकांत पाळक म्हणत नाहीत, फादर किंवा धर्मगुरू. जुनी माणसं पोर्तुगीज वळणाने पाद्री म्हणतात. पण गोष्ट तीच. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले, पण वसईतल्या माणसाने त्यांना त्याआधी कितीतरी वर्षं हरित वसईच्या आंदोलनात पाहिलं होतं. पाणी आणि वाड्या वाचवण्यासाठी वेदीवरून नुसतं प्रवचन दिलं असतं तर लोक आमेन म्हणून घरी गेले असते. फादर स्वतः रस्त्यावर आले म्हणून लोक आले.

अलिबागची सून :
तसेच कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. दापोलीकरदादा, तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली. पगारी उपदेशकाचं लोक ऐकून घेतात पण मागे येत नाहीत, हे त्यांना डाचत असावं, असं मला वाटतं.
आणि ‘पाळक’ शब्दाकडेही बघा. मेंढरं पाळतो तो पाळक हे झालंच, पण आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्यही पाळतो. एकाच धातूतले दोन्ही अर्थ.

मोडीवाचक :
दोन्हीच्या मुळाशी राखणे आहे, त्यामुळे ही कोटी नाही, व्युत्पत्तीत बसतं. दापोलीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ‘कित्ता होणे’ बायबलाबाहेर मी फारसं वाचलेलं नाही, पण व्याकरणाला धरून आहे. ‘तो आमचा आधार झाला’ म्हणतो तसंच.

दापोलीकर :
आभार. त्या पोराला ही चर्चा पाठवली. त्याचा उलट प्रश्न आलाय : मास्तरकाकांच्या ‘झ’चा फोटो मिळेल का?

मालवणचा मास्तर (निवृत्त) :
मिळणार नाही. नातीची पाटी पूजन झालंय, घरात तो ‘झ’ काढायला मला बंदी आहे.