ट्यूब अ‍ॅम्प आता खुशाल अडगळीत टाका

तारतोड्या (धागाकर्ता)
माझा गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) तीन वर्षं चादरीखाली आहे. तीस किलोचं धूड, जिना चढवताना कंबर धरते. सगळं वाजवणं मॉडेलरवर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रावर. परवा एका मित्राला एकच रिफ दोनदा ऐकवली: एकदा अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून घेतलेली, एकदा त्याच अ‍ॅम्पच्या कॅप्चरवरून, म्हणजे माइकने टिपून मॉडेलरमध्ये उतरवलेल्या नकलेवरून. खरा अ‍ॅम्प कोणता ते ओळखायचं होतं. त्याने छातीठोकपणे चुकीचं उत्तर दिलं!

१९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा तो लाल पॉड मॉडेलर आला तेव्हा नाकं मुरडणं ठीक होतं. आता काय कारण?

गरमनळी
तुमच्या मित्राने अ‍ॅम्प ऐकलाच नाही. माइकने ऐकलेला अ‍ॅम्प ऐकला, दोन्ही वेळा. कॅप्चरमध्ये तेवढंच असतं, त्यामुळे तिथे बरोबरी होणारच. खोलीत बारा इंची स्पीकर हवा ढकलतो, ती तारांवर येऊन आदळते आणि सूर हातातल्या हातात फुलतो. हेडफोन लावून हे करून दाखवा.

आणि सॅग! ट्यूब रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी नळी) असलेल्या अ‍ॅम्पवर कॉर्ड कचकून मारली की व्होल्टेज क्षणभर बसतं, सूर दबतो, मग सावरून वर येतो. हे कानाआधी बोटांना कळतं.

शून्यएक
सॅगचं मॉडेल कधीच झालंय, त्याला वेगळा नॉबसुद्धा असतो. आणि हवाच ढकलायची तर मॉडेलर पॉवर अ‍ॅम्पमधून खऱ्या कॅबिनेटला जोडा, कोणी अडवलंय?

पॉडच्या काळातली ती चिरचिर कशामुळे होती तेही सांगतो. डिस्टॉर्शनमुळे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) तयार होतात. सेकंदाला जितकी सॅम्पल घेतली जातात (सॅम्पलिंग रेट) त्याच्या निम्म्याच्या पलीकडे ते गेले की खाली दुमडून परत येतात आणि मूळ सुराशी त्यांचं काही नातं उरत नाही. याला एलियासिंग म्हणतात. ओव्हरसॅम्पलिंगने, म्हणजे आत कित्येक पट जास्त सॅम्पल वापरून, ते पुष्कळ आटोक्यात आलं. म्हणजे दोष डिजिटलचा नव्हता, तेव्हाच्या प्रोसेसरचा होता.

फझवेडा
अ‍ॅम्पचं राहू द्या, फझचं बोला, म्हणजे आवाज घरघरीत करणाऱ्या पेडलचं. १९६६ च्या फझ फेस पेडलमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. त्याचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी की तो गिटारच्या पिकअपवरच भार टाकतो. म्हणून गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की घरघराट जाऊन काचेसारखा स्वच्छ आवाज येतो. मॉडेलरचा इनपुट साधारण एक मेगाओहमचा, तिथे पिकअपला समोर कोण आहे तेच कळत नाही. हेलिक्ससारख्या मॉडेलरांनी इम्पिडन्स बदलायची सोय केली आहे, मान्य. तरी माझं समाधान झालेलं नाही.

(ऊन तापलं की हाच जर्मेनियम फझ बिघडतो, तेही सांगून टाकतो. इमान राखायला हवं.)

शून्यएक
म्हणजे हवामान बघून वाजवायचं!

गरमनळी
तुमच्या मॉडेलरमध्ये लेटन्सी असते, म्हणजे तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो, त्याचं काय?

शून्यएक
दोन-तीन मिलिसेकंद. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तुम्ही अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहता तेव्हा नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकता, तेव्हा तक्रार नसते.

जुनाखोका
मुद्दा टिकण्याचा आहे. १९६५ चा फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब ट्यूब अ‍ॅम्प आजही दुरुस्त होतो. आत सुटे भाग, सोल्डरिंग आयर्न आणि सर्किटचा नकाशा असला की झालं. मॉडेलरची चिप गेली आणि कंपनीने हात वर केले की दाराला अडसर म्हणून वापरा. आवाजाबद्दल मात्र विंटेजवाल्यांनी फार ताणू नये. जुने कार्बन रेझिस्टर सरकतात, कपॅसिटर सुकतात. एकाच वर्षाचे दोन अ‍ॅम्प सारखे वाजत नाहीत, मग ‘खरा’ आवाज कोणाचा?

तारतोड्या
जुनाखोका, तुमचं वाचून काल चादर काढली. चालू केला तर नुसती घूं घूं, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही. फिल्टर कपॅसिटर गेले असतील का? मागचं झाकण काढून बघतो.

जुनाखोका
थांबा!! आधी बंद करा, वायर काढा. बंद अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. जाणकाराकडेच न्या.

गरमनळी
न्यायला माणूस लागला तर सांगा. मी येतो जिना उतरवायला.